लागत नसेल, तरच

मावशींच्या केंद्रातल्या कॉम्प्युटरवर भरतकामाचं कापड होतं, कापडावर टेलिफोन होता आणि टेलिफोनच्या शेजारी कुबडीच्या टोकाला बसवायची रबरं भरलेली बरणी होती. कुणीतरी चार वर्षांपूर्वी तो कॉम्प्युटर देणगी म्हणून आणून दिला होता. तेव्हापासून तो तिपाईचं काम करत होता, आणि त्या कामात त्यानं कधी कुचराई केली नव्हती.

"चालतो का हा?" भोपळ्यानं विचारलं.

"न चालायला काय झालं?" मावशी म्हणाल्या. "कधी लावलाच नाही, मग बिघडेल कसा?"

भोपळा हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हतं. पहिल्या वर्षी गणिताच्या पहिल्याच परीक्षेत त्याला शंभरपैकी तेवढेच मिळाले होते, आणि उरलेलं काम त्याच्या देहयष्टीनं केलं. त्याच्याबरोबर आलेल्या मुलीला वर्गात सगळे अर्धविराम म्हणत, कारण ती कुठलंच वाक्य शेवटाला नेत नसे. "मला वाटतं, आपण जर..." इथवर यायची, समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायची आणि थांबायची. पुढचं ज्यानं त्यानं आपापल्या सोयीनं समजून घ्यायचं. कॉम्प्युटरशी मात्र तिचं चांगलं जमायचं. त्याला चेहरा नव्हता.

त्या वर्षी कॉलेजनं नियम काढला होता: तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी आसपासच्या एखाद्या सेवाभावी संस्थेत चाळीस तास जाऊन त्यांचं कॉम्प्युटरचं काम फुकट करून द्यायचं. कुणाला वाचनालय मिळालं, कुणाला जखमी प्राण्यांचा दवाखाना. या दोघांच्या वाट्याला मावशी आल्या.

पहिल्या दिवशी अर्धविराम दारातच पाच मिनिटं रेंगाळली. घाबरली की तिचे हात काहीतरी सरळ करू लागत. तिनं आपल्या चपला काढून सरळ ठेवल्या, मग पुन्हा सरळ केल्या, मग भोपळ्याचे दोन दिशांना उडालेले बूट आणून त्यांच्या शेजारी लावले. आतून मावशी चष्म्यावरून बघत होत्या.

केंद्राचं काम साधं होतं. दुखण्यात लागणाऱ्या वस्तू, म्हणजे कुबड्या, वॉकर, चाकांची खुर्ची, हवेची गादी असलं सगळं मावशी लोकांना फुकट वापरायला देत. त्या पूर्वी इस्पितळात परिचारिका होत्या. निवृत्त झाल्यावर कुबड्यांच्या दोन जोड्यांवर त्यांनी हे सुरू केलं, त्याला आता वीस वर्षं झाली होती. पुढच्या खोलीत टेबल, मागच्या खोलीत भिंतभर खुंट्या आणि फळ्या. खुंट्या चाळीस. त्यांवर कुबड्या तीन, आणि त्या तिघींतली एकही दुसरीच्या उंचीची नव्हती.

"बाकीचा माल कुठाय?" भोपळ्यानं विचारलं.

"लोकांकडे."

"परत कधी येतो?"

"गरज संपली की येतो."

"आणि नाही आला तर?"

"तर गरज संपली नसेल," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी विषय संपवला. मागायचं नाही, हा केंद्राचा एकमेव नियम होता.

मुलांचं काम होतं मावशींच्या सहा जाडजूड वह्या कॉम्प्युटरवर चढवण्याचं. अर्धविरामनं घरून छानसा तक्ता तयार करून आणला होता: नाव, फोन, वस्तू, तारीख. भोपळ्यानं पहिली वही उघडली आणि तो बघतच राहिला.

"मावशी, यात नावंच नाहीत!"

"नाव कशाला हवं? माणूस आधीच दुखण्यानं वाकलेला असतो. त्याला म्हणायचं, नाव सांगा, सही करा, अंगठा द्या. त्याला वाटतं, काहीतरी गहाण टाकतोय. मी फोन नंबर तेवढा घेते. बाकी माझ्या लक्षात राहावं म्हणून आपलं काहीबाही लिहून ठेवते."

ते काहीबाही असं होतं: जिन्यावरून पडलेले मास्तर, कुबड्या एक जोडी. तीन वेळा पडलेल्या बाई, वॉकर. बायकोला न जुमानणारे काका, पाय वर ठेवायचं स्टूल. खोटं हसणारी सून, हवेची गादी.

नावाचा रकाना रिकामा सोडला की तक्ता पुढे सरकू देईना. तो तसा अर्धविरामनंच बनवला होता, शिस्त म्हणून. आता आपलीच शिस्त आपल्याला भोवली. शेवटी तिनं नावाच्या जागी मावशींचं काहीबाहीच टाइप करायला घेतलं, आणि दोन आठवड्यांत सहाच्या सहा वह्या संपवल्या. परत आलेल्या वस्तूंच्या ओळी मावशींनी आधीच खोडलेल्या होत्या, त्या तेवढ्या सोडल्या.

तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारी शिंपी आला. गळ्यात टेप तशीच लोंबत होती आणि पाठंगुळीला नऊ वर्षांची मुलगी होती. तिचा एक पाय मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये, तोफेसारखा सरळ पुढे आलेला. दारातून त्याला खेकड्यासारखं आडवं व्हावं लागलं.

"झाडावरून पडली," शिंपी म्हणाला.

"पडले नाही, उडी मारली," मुलगी पाठीवरून म्हणाली. "झाड चुकीच्या जागी होतं."

"शनिवारी हिच्या शाळेचं नाटक आहे, मावशी. ही राजा आहे."

"खुर्ची मिळाली तर बसून राजा कर, असं बाई म्हणाल्यात," मुलगी म्हणाली. "नाहीतर प्रधान राजा होणार. प्रधानाला माझी सगळी वाक्यं पाठ आहेत. मुद्दाम केलीयत तिनं."

केंद्रात तेव्हा चाकांची एकच खुर्ची शिल्लक होती, मोठ्या माणसाची. राजाला तिच्यात बसवून पाहिलं. राजा बसला नाही, सांडला. प्लास्टरच्या पायाला पुढे आधार नव्हता. शिंप्यानं सवयीनं टेप काढून खुर्ची मोजली. "पंचवीस इंच. रंगमंचाचं बाजूचं दार बावीस आहे, मोजून आलोय. ढिलाई अजिबात नाही."

"लहान खुर्ची एक आहे आपली," मावशी म्हणाल्या. "पाय लांब ठेवायला पुढे फळी असलेली. पण बाहेर गेलीय. बघते मी."

मुलीनं मावशींकडे पाहिलं. मोठ्या माणसांच्या 'बघते'चा अर्थ नऊ वर्षांच्या मुलीला बरोबर कळतो. तिचा खालचा ओठ पुढे आला. आणि तेव्हा कॉम्प्युटरमागून एक आवाज आला.

"तुला शुक्रवारपर्यंत खुर्ची मिळेल."

सगळ्यांनी वळून पाहिलं. भोपळ्यानं तर तोंडच उघडं टाकलं. दोन वर्षांत अर्धविरामचं हे पहिलं पूर्ण वाक्य होतं, आणि नेमकं ते तिच्या हातात नसलेल्या गोष्टीचं होतं.

शिंपी राजाला घेऊन गेल्यावर मावशींनी विचारलं, "पोरी, मिळेल म्हणालीस. कुठून?"

अर्धविरामनं तक्ता उघडला. लहान खुर्ची: आठ वर्षांपूर्वी, खिडकीतला मुलगा.

"हां," मावशी म्हणाल्या. "भाजीला जायच्या वाटेवर दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत बसायचा. सकाळी जावं तर तिथे, संध्याकाळी यावं तर तिथेच. महिनाभर बघितलं आणि एक दिवस मीच खुर्ची घेऊन जिना चढले. पायाच्या हाडाचं काहीतरी होतं त्याला. पुढे ते लोक घर सोडून गेले."

"पण नंबर आहे. आपण जर फोन..."

"नाही."

"नुसतं विचारायला..."

"नाही म्हटलं ना." मावशींनी चष्मा काढून पुसला. "पहिल्याच वर्षी मी एका गृहस्थांकडे पलंग परत मागितला होता. दुसरा पेशंट अडला होता म्हणून. त्यांनी हूं की चूं न करता दिला. आठ दिवसांनी कळलं, त्यांची आई तेव्हापासून खाली सतरंजीवर झोपत होती. आपण मागितलं की लोकांना नाही म्हणता येत नाही, पोरी. त्या मुलाला अजून लागत असली तर?"

अर्धविरामनं शब्द मात्र देऊन टाकला होता.

मंगळवारी दुपारी मावशी दाताच्या डॉक्टरकडे गेल्या. अर्धविरामनं खूप विचार केला. फोन नाही. फोनवर माणूस खरंच अडचणीत सापडतो. पण लिहिलेला निरोप? तो वाचून माणसाला विचार करता येतो. दहा वेळा खोडून तिनं तो लिहिला: 'तुमच्याकडे आमच्या केंद्राची एक वस्तू आहे. ती तुम्हाला लागत नसेल, तरच शुक्रवारपर्यंत परत द्या. लागत असेल तर खुशाल ठेवा, फक्त तसं कळवा. इथे एक जण वाट बघतंय. – मावशी.' सुरुवातीला 'प्रिय' आणि त्यापुढे नावाच्या रकान्यातलं नाव आपोआप येईल अशी सोय केली. पडद्यावर उमटलं, 'प्रिय खिडकीतला मुलगा'. तिला ते आवडलं. तसंच ठेवलं.

मग तिनं तक्त्याला गाळणी लावली: वस्तूच्या रकान्यात फक्त 'लहान खुर्ची' दाखव. सगळा तक्ता पुसल्यासारखा झाला आणि एकच ओळ उरली. तिनं बटण दाबलं.

आता गाळणी लावली की बाकीच्या ओळी डोळ्यांआड होतात, जात मात्र कुठेच नाहीत. निरोप धाडणारं यंत्र गाळणीकडे बघत नाही, ते तक्त्याकडे बघतं. ही गोष्ट अर्धविरामला ठाऊक होती. गेल्याच वर्षी तिनं ती पहिल्या वर्षाच्या मुलांना फळ्यावर खडूनं लिहून शिकवली होती.

पडद्याच्या तळाशी आकडा आला: ४१८ निरोप पाठवले.

"चारशे अठरा खिडकीतली मुलं?" भोपळा मागून म्हणाला.

अर्धविरामनं गाळणी काढली. भोपळा खुर्ची ओढून बसला आणि पाठवलेले निरोप एकेक करून वाचू लागला. "प्रिय जिन्यावरून पडलेले मास्तर. प्रिय तीन वेळा पडलेल्या बाई. प्रिय घोरणारा पहारेकरी. अगं, प्रिय सासरचं खापर माहेरावर फोडणाऱ्या वहिनी! प्रिय..." त्याला पुढे वाचता येईना. तो हसत होता की रडत होता ते सांगणं अवघड होतं.

टेलिफोन वाजला. तोच तो, तिपाईवरून खाली उतरवलेला. भोपळ्यानं उचलला आणि लगेच कानापासून हातभर लांब धरला.

"बायकोला न जुमानणारे काका? कोण काका? कुणी लिहिलंय हे?"

"खरं तेच लिहिलंय!" मागून एका बाईचा आवाज आला. "मला दाखवा, मी फ्रेम करून लावते!"

मावशी परतल्या तेव्हा त्यांचं अर्धं तोंड बधिर होतं. अर्धविरामनं उभं राहून सगळं सांगितलं, म्हणजे सुरुवाती सांगितल्या. "मी फक्त एकालाच... पण ती गाळणी... आणि नावाच्या जागी तुमचं..." मावशींना बोलता येत नव्हतं, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. त्यांनी पेन्सिल घेऊन कागदावर लिहिलं: किती?

अर्धविरामनं खाली लिहिलं: ४१८.

मावशींनी कागदाची चार घड्या घातल्या, पर्समध्ये ठेवला, आणि मागच्या खोलीत जाऊन त्या रिकाम्या खुंट्यांखाली बसून राहिल्या. वीस वर्षांत ज्या बाईनं एकदा सोडून कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं, तिच्या नावानं एका दुपारी चारशे अठरा दारं ठोठावली गेली होती. वर प्रत्येकाला, तो पाठ फिरवून गेल्यावर त्याच्याबद्दल काय लिहिलं, तेही कळलं होतं.

अर्धविराम घरी जाताना चपला घालायला वाकली आणि दारातली सगळी पादत्राणं, म्हणजे एकूण तीन जोड, तिनं पुन्हा ओळीत लावली. "उद्या मी येऊ की..." तिनं भोपळ्याला विचारलं.

"ये," भोपळा म्हणाला. "हात दाखवून अवलक्षण केलंयस, आता निदान हात तरी लाव. फोन कोण उचलेल?"

बुधवारी सकाळी साडेआठला ती आली तेव्हा गल्लीत रांग होती.

सगळ्यात पुढे पांढऱ्या शर्टातले एक म्हातारे गृहस्थ होते. बरोबर कुबड्यांची जोडी, पण ती टेकत नव्हते, बंदुकीसारखी खांद्यावर धरली होती. मावशींनी कुलूप काढलं. चेहरा दगडासारखा.

"मास्तर, कालचा निरोप..." त्यांनी सुरुवात केली.

"त्याबद्दलच आलोय," मास्तर म्हणाले. "दुरुस्ती करून घ्या. मी जिन्यावरून पडलो नव्हतो."

"तुम्हीच तर सांगितलं होतं!"

"घरच्यांसमोर सांगितलं होतं." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "स्टुलावरून पडलो. माळ्यावर बिस्किटांचा डबा लपवलेला असायचा, माझ्यापासून. मला साखर आहे ना. सहा वर्षं खोटं पोटात घेऊन फिरतोय. काल तुमचा निरोप वाचला आणि म्हटलं, आता लेखी झालं, आता राहवत नाही."

मावशींचं तोंड आज बधिर नव्हतं. ओठाचा एक कोपरा हलला.

"डबा मिळाला का पण?"

"रिकामा होता!" मास्तर म्हणाले, आणि मागची रांगच्या रांग हसली.

मग लोक येतच राहिले. तीन वेळा पडलेल्या बाई वॉकर घेऊन आल्या आणि आकडा पाच करा म्हणाल्या. घोरणारा पहारेकरी वाफारा घ्यायचं यंत्र घेऊन आला. मी घोरत नाही, हे त्यानं शपथेवर सांगितलं आणि बाकावर बसल्या बसल्या सिद्ध करून दाखवलं, उलट. कुणी रागावून आलं, पण रागावलेल्याला रांगेत उभं राहावं लागलं, आणि पुढच्या-मागच्याला काय लिहिलंय ते ऐकल्यावर राग धरून ठेवणं कठीण जात होतं. अर्धविराम वस्तू उतरवून घेत होती, भोपळा फोनवर होता.

"मावशी, एकतिसावा," तो दर थोड्या वेळानं ओरडे. "यांना अजून लागतंय. ठेवू का विचारतायत."

"ठेवा म्हणावं! खुशाल ठेवा!" मावशी म्हणत. मग एकदा त्या थबकल्या. "म्हणजे लागत असलं की लोक सांगतात?"

"सांगतायत की."

मावशींनी समोर उभ्या माणसाचा फोन हातात घेतला, चष्मा नाकावर सरकवला आणि निरोप पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. काल त्यांनी तो वाचलाच नव्हता. 'लागत नसेल, तरच' या शब्दांशी त्या बराच वेळ होत्या. अर्धविराम हवेच्या गादीची नळी सरळ करत होती, पुन्हा पुन्हा.

ती गादी घेऊन आलेली बाई चाळिशीची होती. सगळे पांगेपर्यंत थांबली होती.

"खोटं हसणारी सून मीच," ती म्हणाली. "सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली. तेव्हा मी काय अवस्थेत होते ते घरात कुणाला कळलं नव्हतं. तुम्हाला दोन मिनिटांत कळलं?"

"मी परिचारिका होते हो," मावशी ओशाळून म्हणाल्या. "लिहायला नको होतं."

"असू दे. पण गादी तेव्हाच द्यायला हवी होती. आधी महिना उशीर झाला, मग वर्ष झालं, मग तुमच्या दारावरून जायचीच लाज वाटायला लागली. बाजारात दोन गल्ल्या फिरून जायचे मी. तुम्ही एकदा मागितली असती ना, तर सुटले असते." आणि ती हसली. यावेळी खरं. मावशींना फरक कळत होता.

ती गेल्यावर मावशी म्हणाल्या, "चार वर्षं. दोन गल्ल्या फिरून. माझ्यापायी."

"मावशी, मी तुम्हाला न विचारता..."

"ते चुकलंच तुझं. त्याबद्दल मी तुला नंतर बोलणार आहे, सवडीनं. आधी ती फळी पूस, त्यावर सात वर्षांची धूळ आहे."

गुरुवारी चाळीसच्या चाळीस खुंट्या भरल्या. फळ्या भरल्या. वॉकर व्हरांड्यात आले. तीन पलंग गल्लीत उभे होते आणि त्यांतल्या एकावर घोरणारा पहारेकरी होता. सगळं आलं. लहान खुर्ची तेवढी आली नाही.

रोज संध्याकाळी शिंप्याच्या फोनवरून एक खणखणीत आवाज विचारायचा, "राजाचं सिंहासन आलं का?" आणि अर्धविराम म्हणायची, "अजून..." शुक्रवारी दुपारी तो आवाज जरा बारीक होता. "प्रधानाला मुकुट घालून बघितला आज," तो म्हणाला. "तिला सैल होतो." अर्धविरामनं फोन ठेवला आणि बरणीतली रबरं काढून उंचीप्रमाणे ओळीत मांडली. मावशींनी ते बघितलं आणि त्या स्वतः टेलिफोनपाशी आल्या.

"नंबर सांग त्या मुलाचा."

"मावशी, तुम्ही..."

"सांग. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवायचं?"

पण फोन बंद लागला. पुन्हा लावला, पुन्हा बंद. पाच वाजले. मावशींनी तिसऱ्यांदा नंबर फिरवायला घेतला, तेवढ्यात दारात अंधार झाला.

दारात एक धिप्पाड मुलगा उभा होता. मिशी फुटू लागलेली, दाराच्या चौकटीला डोकं लागेल इतका उंच. धापा टाकत होता. त्याच्या डोक्यावर उलटी घातलेली एक लहान खुर्ची होती, पुढे फळी असलेली.

"बसमध्ये घेईनात," तो म्हणाला. "चालत आलो. फोनची बॅटरी वाटेतच गेली. उशीर नाही ना झाला?"

मावशी त्याच्या पायांकडे बघत होत्या. धुळीनं भरलेले, भलेमोठे, दोन्ही सारखे पाय.

"किती चाललास?"

"अकरा किलोमीटर असेल." मग त्याला कळलं, त्या काय विचारतायत ते. लाजून त्यानं पाय एकमेकांमागे लपवायचा प्रयत्न केला. "बरा झालो मी, मावशी. पाच वर्षं झाली. आई सारखी म्हणायची, परत करून ये. मीच देत नव्हतो. कारण ते..." त्यानं खुर्ची खाली ठेवली. ती एका बाजूला कलली. पुढचं एक लहान चाक नव्हतंच. "चाक मी शाळेच्या प्रयोगाला काढलं होतं. पहिला नंबर आला. पण चाक हरवलं. मोडकी खुर्ची कुठल्या तोंडानं आणून देऊ?"

चार दिवस वाट पाहिलेली खुर्ची आली होती, आणि तिला तीन चाकं होती.

तेव्हा बाकावरून एक आवाज आला. "बघू."

हे बायकोला न जुमानणारे काका होते. बुधवारी भांडायला आले होते, गुरुवारी पुन्हा भांडायला आले, आणि आज का आले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. चौकात त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी खुर्ची उलटी केली, अंगठ्यानं भोक चाचपलं आणि मागच्या खोलीत गेले. तिथे आता काय नव्हतं! परत आलेल्या चाकांच्या वॉकरांच्या गर्दीत ते गुडघ्यांवर रांगत फिरले आणि एक मोडका वॉकर ओढत आले.

"हे चाक बसेल. पोरी, मावशींच्या टेबलावरचा तो स्क्रूड्रायव्हर दे. आणि इथे घट्ट धर. धरता येतं ना?"

"मला वाटतं..."

"वाटतं नाही. धरता येतं का?"

"येतं," अर्धविराम म्हणाली.

अर्धा तास लागला. काकांनी घरी फोन करून उशीर होईल असं सांगितलं. पलीकडून काय उत्तर आलं ते सगळ्यांनी ऐकलं आणि काकांनी जुमानलं नाही. खिडकीतल्या मुलानं चौकट उचलून धरली, भोपळ्यानं वंगण आणलं आणि ते स्वतःलाच जास्त लावून घेतलं. सव्वासहाला खुर्ची जमिनीवर उभी राहिली, सरळ. शिंपी धावत आला, त्यानं टेप लावली आणि म्हणाला, "वीस! दोन इंच ढिलाई!" आणि रडायचा बाकी राहिला.

खुर्ची बाहेर जाण्यापूर्वी मावशी कॉम्प्युटरसमोर बसल्या. पहिल्यांदाच. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत त्यांनी नोंद केली. नाव: राजा. वस्तू: लहान खुर्ची. तारीख टाकली. मग म्हणाल्या, "इथे एक रकाना वाढव. परत कधी."

अर्धविरामनं रकाना वाढवला. "यात तारीख टाकायची, किंवा..."

मावशींनी विचार केला आणि टाइप केलं: विचारीन.

शनिवारी शाळेच्या सभागृहात मागच्या दोन रांगा केंद्राच्या लोकांनी भरल्या होत्या. त्यांना बोलावलं कुणी, हे शाळेला शेवटपर्यंत कळलं नाही. मास्तर होते, सून होती, काका होते आणि काकूही होत्या. खिडकीतला मुलगा जागा मिळूनही उभाच राहिला. पडदा वर गेला. बाजूच्या दारातून, दोन्हीकडे एकेक इंच सोडून, राजा आला. पाय पुढे तोफेसारखा, त्यावर शिंप्यानं रात्रीत शिवलेलं जरीचं आवरण. नवं चाक मधोमध येईपर्यंत कुईकुई करत होतं. राजानं हात वर केला, चाक थांबलं. राजा प्रधानाकडे वळला, आणि जे प्रधानाच्या पाठांतरात नव्हतं असं एक वाक्य बोलला.

"प्रधानजी, आमच्या राज्यात तेल संपलं काय?"

प्रधानानं पडद्याआडच्या बाईंकडे पाहिलं. मागच्या दोन रांगांतून काका ओरडले, "मधल्या सुट्टीत घालतो, महाराज!" आणि त्यानंतर पाच मिनिटं नाटक पुढे सरकलं नाही.

घरी जाताना अर्धविरामचा फोन वाजला. निरोप होता. तिनं रस्त्याच्या दिव्याखाली थांबून तो वाचला.

'प्रिय भोपळ्याचेसुद्धा बूट सरळ लावणारी, तुझ्याकडे आमच्या केंद्राची एक वस्तू आहे: स्क्रूड्रायव्हर, एक. तुला लागत नसेल, तरच सोमवारी परत आण. तुला बोलायचं राहिलंय, तेही सोमवारी. – मावशी.'

तिनं पिशवीत हात घातला. स्क्रूड्रायव्हर होता. मग तिनं उत्तर लिहायला घेतलं, आणि या खेपेला मध्ये कुठे न थांबता लिहिलं: 'आणते. पण लागतोय.'